करमाडच्या विहिरीतला पहिला खडा

मला हल्ली सगळं नीट आठवतंच असं नाही, चुकलो तर सांभाळून घ्या. पण करमाडजवळ गंगूबाईंच्या शेतात विहीर खोदत होते, एवढं नक्की. मी तेव्हा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो. काळा खडक फुटला आणि आतल्या पोकळीतून हिरवट स्फटिक निघाला. गंगूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी अधाशासारखा म्हणालो, "हा मला द्याल का? अभ्यासाला हवा होता."

"न्या की सर."

परतताना आमचा शिपाई गणपत हळूच बोलला, "सर, विहिरीचा पयला खडा पाणी लागंपर्यंत देव्हाऱ्यात ठेवतेत. बाईनं भिडंखातर दिला तुम्हाला."

आता पाणी लागलं नाही तर दोष माझाच! सकाळी घाईघाईत प्रयोगशाळेच्या कपाटातल्या खड्यांमधून तो उचलला, स्कूटर काढली आणि त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हाच ना?" मी विचारलं.

"व्हय, हाच. इतकं काय घाबरायचं सर? बसा, च्या घ्या."

त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. पुढच्या आठवड्यात पाणी लागलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामं करताना मागच्या कोपऱ्यात तसाच एक हिरवट खडा सापडला. भिंगाखाली धरून दोनदा खात्री केली. त्याच्या फटीत गंगूबाईंचं कुंकू होतं.