कापलेले चाप

—असू दे हो दार उघडं, मास्तर, वारा येतो जरा, शुब्र्यासारख्या दाट मोहल्ल्यात चौथ्या मजल्यावर एवढंच तर सुख आहे — या, आत या, हा बाक, हा बार, आणि या प्लेट्स, चार वीस-वीस किलोच्या, चार दहाच्या. गंज शोधा. सापडला तर फुकट न्या! चोवीस हजार पौंड मोजलेत मी. तुम्ही भूगोल शिकवता, पण हे गणित तुम्हालाही येईल — कोपऱ्यावरच्या जिमचे महिन्याला नऊशे, वर्षाचे एकदम दिले तर आठ हजार. म्हणजे तीन वर्षांत हे सगळं वसूल, पुढं जन्मभर फुकट. वर तिथं दुसऱ्याच्या घामावर पाठ टेकायची ती वेगळीच. डॉक्टरनं साखरेसाठी व्यायाम सांगितला तेव्हा वर्षभर गेलो मी तिथं, मग म्हटलं, सबरी, तू काय खुळा आहेस? आणलं घरी. फोनवर मी पंधरा म्हणालो होतो ना? बारा द्या. पण आजच न्या. खाली टेम्पोवाला आहे, मी हाक मारतो त्याला.

विकतोय कशाला? अहो, जागा लागते. बहिणीचा मुलगा यायचाय राहायला — म्हणजे नक्की नाही, पण आला तर? माझी बायको इन्साफ वारल्यापासून ही खोली रिकामीच होती, म्हणून तर इथं मांडलं सगळं. बाकावर बसून बघा की. आडवे नका होऊ! नुसतं बसा. हं. दणकट आहे ना?

ते? ते चाप. प्लेटा घसरू नयेत म्हणून बारच्या टोकांना पिळून बसवतात. हो, कापलेत. मीच कापले, हॅक्सॉनं. खराब होते म्हणून... नाही, खराब नव्हते, चांगले होते. असं हातात धरून पोलिसासारखं बघू नका हो माझ्याकडं. दहा द्या. दहा हजार, चाप नवे मिळतात कुठंही — नाही, नका घेऊ चाप. चापाशिवायच वापरा. ऐका माझं. खालच्या उम्म फारिसबाईंची कटकट असायची, सबरीभाई, तुमच्या प्लेटा खणखणतात, माझा नातू दचकून उठतो. म्हणून मी चाप असे करकचून पिळायचो. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून!

रमजानचा सतरावा दिवस होता. तुम्हीही करत असाल, सगळेच करतात — मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाच्या आधी अर्धा तास व्यायाम, की घाम पुसला, बांग झाली, बसलं जेवायला. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि साठ किलो. सात वेळा बार उचलला. आठव्यांदा तो खाली आला आणि छातीवरच बसला. जिममध्ये डोक्यामागं कुणीतरी उभं असतं, दोन बोटं लावली की बार वर. माझ्या डोक्यामागं भिंत. आणि बार एका बाजूला कलता केला की प्लेटा घसरून पडतात, माणूस सुटतो — पण चाप! करकचून पिळलेले! तेवढ्यात बांग झाली. तुम्हाला माहीत आहे त्या वेळी गल्ली कशी होते, कुत्रंसुद्धा दिसत नाही, घराघरात नुसते चमचे आणि टीव्ही. ओरडायला गेलो तर श्वासच नाही. मास्तर, सगळ्या गल्लीनं रोजा सोडलेला मी ऐकला.

आणि मग बेल वाजली. उम्म फारिस. दर रमजानला एक ताट आणून देते, द्राक्षाच्या पानातला भात, एकट्या माणसासाठी. तीनदा वाजवली. मी इथं, ती तिथं, मध्ये दहा पावलं आणि आतून लावलेली कडी. मी तिला ऐकत होतो हो! म्हणाली, झोपले वाटतं, बिचारे. ताट उंबऱ्याशी ठेवल्याचं ऐकू आलं, आणि चपलांचा आवाज जिन्यानं खाली गेला. त्या चपलांचा... पाणी घेता का थोडं? मी घेतो.

सुटलो कसा? पोटावरून सरकवत, इंच इंच. बरगडी महिनाभर काळी-निळी होती. दारात बसून गार झालेला भात खाल्ला. कुणाला सांगितलं नाही, बहिणीलाही नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो. त्याच दिवशी चाप कापले, पण भीती काही जाईना. तेव्हापासून आंघोळीला जाताना फोन साबणापाशी ठेवतो. आणि दार — वारा कसला, मास्तर! कडी लावायची भीती वाटते मला. सत्तावन्न वर्षांचा घोडा, आणि कडी लावायला घाबरतो. नऊशे पौंड माणूस यंत्रांचे देतो असं वाटायचं मला. यंत्रांचे नसतात ते. आपलं काही झालं तर आजूबाजूला चार माणसं आहेत, त्याचे असतात.

चला, आठ द्या. आठ, आणि टेम्पो माझ्याकडून. कुठं मांडणार? गच्चीवरच्या खोलीत? बरं. वहिनींना चालेल ना? — ती तंताला, माहेरी? कधी येणार? ...असं. मग घरात दुसरं कोण असतं? आणि गच्चीवर शेजार? नुसत्या टाक्या.

पैसे आत ठेवा. नाही, सात नको, आठ नको, पंधराही नको. विकायचं नाही मला. झालं माझं मन, काय करायचंय तुम्हाला! भंगारवाल्याला देईन मी. तुम्ही जिमचे नऊशे भरा, नसतील तर निम्मे माझ्याकडून घ्या, पण हे नेऊ नका. रागवा, खुशाल रागवा. जा, उठा आता. नमाजची वेळ झाली. जा म्हटलं ना —

आणि दार ओढून घेऊ नका. मास्तर? दार... मास्तर, उघडं ठेवा!