झाडू पडला नाही

हाडांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर लांब होता. समोर घोडेस्वारीचे उंच बूट घातलेली मुलगी आणि तिचे वडील. शेजारच्या आजींना राहवलं नाही.

“घोड्यावरून पडलीस का गं?”

“मी नाही, आजी. बाबा पडले.”

“या वयात घोड्यावर?”

“घोडा कुठला. हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर झाडू आडवा ठेवला, आणि मारली उडी.”

“अहो मावशी, दोन वर्षांपूर्वी ही तबेल्यात लीद काढायची. उद्या घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेत मोठ्यांच्या गटात उतरतेय. अडथळे माझ्या छातीएवढे. काल जेवेना, म्हणून म्हटलं, बघ, काही अवघड नसतं.”

“मग? भीती गेली का पोरी?”

“हसून हसून पोट दुखलं. मग दोनदा जेवले.”

“आणि झाडू पडला का, ते सांग ना आजींना.”

“नाही पडला.”

“ऐकलंत? आडवी काठी पडली की गुण कापतात. माझा एकही गेला नाही.”

“बाबा, स्वार पडला तर सरळ बाद करतात.”

“म्हणून तर उद्या तुला पाठवतोय.”