प्लंबरची पिशवी

हसणार असाल तर आधी चहा खाली ठेवा. मी लातूरला घरी बसून एका नवीन प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, लिहीत होते आणि क्लोजरपाशी अडले होते. क्लोजर म्हणजे लागणारी माहिती सोबत बांधून निघालेलं फंक्शन. माझी फंक्शनं मात्र रिकाम्या हातानं निघायची आणि प्रोग्राम कोसळायचा. तीन दिवसांनी ते कंपनीला दाखवायचं होतं.

त्यात नळ गळायला लागला. बालाजी प्लंबर आला, तोही रिकाम्या हातानं.

"ताई, घरात पाना हाय का?"

"न्हाई! उद्या पिशवी घेऊनच ये, न्हाईतर दारातूनच परत पाठवीन."

तोच नियम मी कंपायलरच्या टाइप सिस्टीमलाही लावला, म्हणजे कुठलं फंक्शन आत सोडायचं ते तपासणाऱ्या भागाला. प्रत्येक फंक्शनच्या टाइपमध्ये, म्हणजे वर्णनात, माहितीची पिशवी पाहिजेच! सकाळी कंपायलरनं सगळं मुकाट पास केलं आणि प्रोग्राम पुन्हा तिथंच कोसळला. डोकं धरून बसले, तेवढ्यात बेल वाजली.

दारात बालाजी, खांद्याला ही मोठी पिशवी. आत आला, वाकून नळ बघितला आणि म्हणाला, "ताई, पाना द्या."

"अरे, मग पिशवीत काय हाय?"

"काहीच न्हाई. तुमी पिशवी आण म्हणलात, पान्याचं कुठं बोललात?"

मी त्याला तिथंच सोडून लॅपटॉपकडे पळाले. पिशवीत काय काय पाहिजे, ते टाइपमध्येच लिहिलं. दुपारी क्लोजर चालले. मग बालाजीलाही सामानाची यादी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन हजर. आत फक्त यादी होती.