किटली माझ्यापुढेच का?

…नाही, पण मी म्हणते, त्या किटलीनं मलाच का ओळखावं? तारापूरचा आमचा कारखाना, सोमवारची मीटिंग, टेबलाभोवती सगळे बाप्ये आणि एकटी मी, चांगली गुवाहाटीपर्यंत जाऊन केमिकल इंजिनीयर होऊन आलेली, आणि कॅन्टीनचा कैलास आत येतो, एवढं मोठं टेबल, ठेव ना बाबा कुठंही… छे! किटली माझ्यापुढे!

तुम्हाला सांगते, मला रिॲक्टरच्या व्हॉल्व्हबद्दल बोलायचं असतं. गळतोय हो तो! पण "सर, व्हॉल्व्ह…" म्हणेपर्यंत आमचे प्लँटहेड प्रतापसर, "हां स्नेहल, मला साखर अर्धाच चमचा." कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मॅडम, अपना कडक!" अरे, एकाच किटलीतून तुझा वेगळा कडक कुठून काढू? ओतून होईतो मीटिंग खलास. व्हॉल्व्ह गळतोच आहे!

कैलासला गाठलं. तर म्हणतो, "ताई, मुद्दाम नाय हो! घरी आई ओतते, बायको ओतते, हात आपसूक तिकडंच जातो." घ्या! मनात काही नाही, आणि हाताला सगळं ठाऊक! पालघरला घरी जाऊन आईला सांगितलं, तर आई, "ओत की गं, हात झिजतात का?"

मग केला सत्याग्रह. किटली माझ्यापुढे, आणि मी हाताची घडी घालून! चहा निवला, साय धरली, पण एक बाप्या हलेल तर शपथ! प्रतापसर विचारतात, "आज चहा नाही का?" समोर आहे की हो! शेवटी फुटलेच मी. "सर, हे तुमच्या नकळत होतं, म्हणूनच बघायला हवं!" सर ओशाळले, उठले, टेबलभर सांडत स्वतः ओतला, आणि मी पहिल्यांदा सलग बोलले. नवा व्हॉल्व्ह बसवायचं ठरलं! जिंकले!

पुढच्या सोमवारी सगळे कान देऊन ऐकतायत, मी बोलतेय, कोपऱ्यात एक नवी मुलगी, ट्रेनी असणार. कैलास बिचारा दारात घुटमळला, किटली बरोब्बर मधोमध ठेवून पळाला. आणि मी… बोलता बोलता… मान वर न करता… किटली त्या मुलीपुढे सरकवली. "ओत ना गं जरा."

प्रतापसर खोकले. "स्नेहल… या रूपल मॅडम. सेफ्टी ऑडिटर. तुझा व्हॉल्व्ह पास करायचा की नाही, ते याच ठरवणार."

हसा, हसा! रूपल मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "व्हॉल्व्ह पास. चहा मात्र तुम्ही ओता."

तेव्हापासून किटली पुन्हा माझ्यापुढे. मीच ओढून घेते, हाताला शिक्षा म्हणून. फक्त साखर किती, ते कुणाला विचारत नाही. सगळ्यांना सारखी… निदान तेवढी तरी समानता!