दोन डायरेक्टर

खोपोली स्टँडवर मोहोपाड्याच्या गाडीची रांग होती. माझ्यापुढं एक नवरा-बायको उभे होते, वकिलाकडून घरी निघालेले. तिच्या हातात पिशवी, त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा सफारी.

“रसायनीच्या कारखान्यांना आपन खोकी पुरवनार. दोन मानसांची कंपनी, तिला अकौंटंट कशाला गं?”

“लिमिटेड हाय ना. दरसाल हिशेब तपासून सरकारात द्यावा लागतो, म्हनाले वकील.”

“सगळा हिशेब माझ्या डोक्यात हाय.”

“मग सांगा, कंपनीचा टेंपो परवा कुटं गेलता?”

“भाच्याच्या लग्नाला, वऱ्हाड घेऊन.”

“डिझेल कुनी भरलं?”

“कंपनीनं.”

“आनि हा सफारी?”

“मॅनेजिंग डायरेक्टर काय लेंग्यात फिरंल? कंपनीनंच शिवला.”

“कंपनी येगळी, तुमी येगळे, असं वकील बोलले ना?”

“कागदावर गं! कंपनी म्हंजे मीच.”

“माझ्या बाची जमीन कंपनीत घातली, ती बी मग तुमचीच झाली?”

“त्याचे शेअर दिले की तुला.”

“किती?”

“असतील माझ्यापेक्षा जरा जास्त. बाईमानसाला त्याचं काय करायचंय?”

“शेअर जास्त त्याचं सभेत चालतं. तुमी पान खायला गेलता, तवा इचारून घेतलं मी वकिलांना.”

“मैना, हळू बोल. लोक ऐकत्यात.”

“ऐकू द्या. अकौंटंट ठेवायचा. मॅनेजिंग डायरेक्टर ठेवायचा का नाय, ते पुढच्या सभेत बघू.”