चिमणीशेजारची खोली

हॉटेलच्या काउंटरपाशी रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिची लेक उभ्या होत्या.

"आई, इथे बिअरचा कारखाना होता तेव्हा तू याच दाराने यायचीस?"

"छे गं! बाटल्या धुणाऱ्या बायकांना मागचं दार. इथून फक्त मालक."

काउंटरवरचा मुलगा किल्ली पुढे करत म्हणाला, "आजी, चिमणीशेजारची खोली आहे तुमची. फरशीला जरा उतार आहे हं, त्या वेळचा गवंडी चुकलाय."

"गवंडी कशाला चुकतोय? पाणी मोरीकडे जावं म्हणून दिलाय तो उतार. तिथेच वीस वर्षं बाटल्या धुतल्यात मी, घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून."

"अरेच्चा! मग दुसरी खोली देऊ का?"

"खबरदार! तीच द्या. आणि चहा पलंगावर पाठवा. आज मी पाय खाली ठेवायची नाही."