रुमाल टाकलेली जागा

हासू नका राजेहो, तुमीच सांगा, चूक कोनाची? पोरीकडे पुन्याले गेलतो, जिंदगीत पहिल्यांदा विमानात बसून. विमानतळाबाहेर शहरात जानारी बस उभी होती. ड्रायव्हर म्हने, "निघायला दहा मिनिटं आहेत." म्या खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकला, त्याच्यावर घरच्या तुरीच्या डाळीची थैली ठेवली आन् चहा प्याले उतरलो. आपल्या कारंजाच्या स्टँडवर रुमाल टाकला की जागा आपली. कोनाची हिंमत हाय तो हलवाची?

वापस येतो तं काय, बस रिकामी! सारे लोकं लांब उभे, आन् एक पोलिसाचं कुत्रं माही थैली हुंगून राह्यलं!

पोलीस माह्यावरच खेकसला, "ही बेवारस पिशवी तुमची?"

म्हटलं, "बेवारस कायले? खाली रुमाल नाही दिसत काय तुमाले?"

"रुमालाचं काय?"

आता याले काय सांगाव! त्यानं थैलीतली डाळ उपसून पाह्यली, नाव-गाव लिहून घेतलं, सही घेतली. तोवर सारे लोकं बसमधी चढून बसले. शेवटी मी चढलो.

ड्रायव्हरनं सांगतलं, ज्या साहेबानं थैली पाहून सगळ्यात पहिले बोंब मारली होती, तोच माह्या खिडकीजवळ आरामात बसून होता. म्हटलं, "उठा, ही जागा माही हाय. रुमाल टाकेल हाय मी."

तो इकडंतिकडं पाहून म्हने, "कुठाय रुमाल?"

म्हटलं, "तुमी उठा, म्हंजे दिसन."